शिलकेचा वाटा आणि बांधाची राखण : गोव्याच्या गांवकरीतील सामाईक शेतीचा विचार

एकापेक्षा अधिक माणसे जेव्हा एकच जमीन मिळून कसतात, तेव्हा दोन प्रश्न अपरिहार्यपणे उपस्थित होतात. काम कोणी किती करावयाचे, हा पहिला. आणि सर्वांच्या गरजा भागून जे धान्य अथवा द्रव्य उरेल ते कोणाचे, हा दुसरा. सामुदायिक शेतीविषयीच्या बहुतेक विवेचनांत या दोन प्रश्नांचा विचार स्वतंत्रपणे केलेला आढळतो. श्रमविभागणीचा प्रश्न व्यवस्थेच्या सदरात जातो आणि शिलकेच्या वाटपाचा प्रश्न न्यायाच्या सदरात. वस्तुतः ज्या संस्था शेकडो वर्षे टिकल्या त्यांच्यात हे दोन्ही प्रश्न एकाच गाठीत बांधलेले होते. ती गाठ सुटली की काय घडते, हे पाहण्यास गोव्याच्या गांवकरीसारखे दुसरे साधन मराठी अभ्यासकाला जवळपास सापडणे कठीण आहे.

मराठीत ‘गावकरी’ म्हणजे गावात राहणारा कोणीही. गोव्यात मात्र ‘गांवकरी’ हे एका संस्थेचे नाव असून तिच्या सभासदास ‘गांवकार’ म्हणतात. पोर्तुगीज राजवटीत तिला ‘कोमुनिदाद’ हे नाव मिळाले आणि कायद्याच्या भाषेत ते अद्याप चालू आहे. अशा २२३ कोमुनिदादी आज गोव्यात गणल्या जातात. तिसवाडी, बारदेश व सासष्टी या जुन्या काबिजातींत त्यांची कागदपत्रे विशेष विपुल असल्याने प्रस्तुत विवेचन मुख्यतः त्या तीन महालांपुरते मर्यादित ठेवले आहे.

१. जमीन आणि पाणी

गांवकरीची घटना समजण्यापूर्वी तिच्या जमिनीचे स्वरूप ध्यानात घेणे अगत्याचे आहे. गोव्यातील भातशेतीचे स्थूलमानाने तीन प्रकार मानले जातात. डोंगरउतारावरील व उंचवट्यावरील ती मोरड, वालुकामय सखल ती खेर, आणि खाडीकाठची, भरतीच्या पातळीखाली असणारी ती खाजन. यांपैकी खाजन जमीन निसर्गाने दिलेली नसून माणसाने खाडीपासून मिळविलेली आहे. मांडवी, जुवारी व त्यांना जोडणाऱ्या खाड्यांच्या काठी अशी सुमारे १८,००० हेक्टर जमीन असल्याचे सांगितले जाते.

खाजनाचे रक्षण बांध करतो. आत चिखल व पेंढा, बाहेरच्या अंगास जांभा दगड आणि त्यापुढे लाटांचा मारा सोसणारी खारफुटी, अशी त्याची रचना असे. बांधात ठिकठिकाणी ‘मानस’ बसविलेले असते. मानस म्हणजे लाकडी दारांची जलकपाटे. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने दारे मिटतात. ओहोटीस आतील पावसाचे पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. आतल्या बाजूस ‘पोंय’ नावाचे ओहळ व खोलगट जागा असतात. जास्तीचे पाणी तेथे साठून राहते. कोरगूट व आसगो यांसारखी खारे पाणी काही अंशी सोसणारी भाताची वाणे या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या पेरली गेली.

या रचनेतून एक सामाजिक परिणाम आपोआप उद्भवतो. बांधाला एका ठिकाणी भगदाड पडले तर त्या ठिकाणचेच शेत बुडत नाही, तर बांधामागील सर्व शेते बुडतात. एकदा खारे पाणी शिरले की क्षार धुऊन जाण्यास दोन-तीन पावसाळे लागतात आणि तोपर्यंत पीक येत नाही. अर्थात कोणाही एका कुटुंबास आपल्या वाट्याची जमीन एकट्याने राखणे शक्य नव्हते. खाजनात सामाईक जबाबदारी हा कोणाचा आदर्श नव्हता. ती जमिनीची अट होती.

२. गांवकरीची घटना

या संस्थेविषयीचा सर्वांत जुना सविस्तर लेख म्हणजे १६ सप्टेंबर १५२६ रोजी अफोंसु मेशिया या पोर्तुगीज महसूल अधिकाऱ्याने सिद्ध केलेली रूढींची सनद. ती ‘फोराल’ या नावाने प्रसिद्ध आहे. तिसवाडी बेट १५१० साली पोर्तुगीजांच्या हाती आले होते, आणि तेथील वसुलाची व्यवस्था लावण्यासाठी पूर्वापार वहिवाट लेखनिविष्ट करणे त्यांना आवश्यक वाटले. बेट ओसाड असताना चार पुरुष अन्य ठिकाणाहून येऊन त्यांनी ते लागवडीस आणले, आणि त्यांच्या उत्तम व्यवस्थेमुळे त्यांना गांवकार ही संज्ञा मिळाली, अशी उत्पत्तिकथा त्या सनदेत नमूद आहे. कथेची ऐतिहासिकता बाजूस ठेवली तरी तिचा आशय महत्त्वाचा आहे. जमिनीवरील हक्काचा उगम ती विजयात वा दानात न शोधता लागवडीच्या श्रमात शोधते.

गांवकार मंडळी ‘वांगड’ नामक कुलसमूहांत विभागलेली असत. सभेत मत व्यक्तीचे नसे, वांगडाचे असे. आणि जुन्या वहिवाटीप्रमाणे निर्णय एकमताने व्हावा लागे. एखाद्या वांगडाने नकार दिल्यास ठराव अडे. संमत झालेल्या ठरावास ‘नेम’ म्हणत व तो कुळकर्णी लिहून ठेवी. कुळकर्ण्याच्या नोंदीवाचून जमिनीचा व्यवहार पक्का होत नसे. सरकारी सारा गावावर एकत्रित बसे, आणि तो भरण्याची जबाबदारी समस्त गांवकारांवर मिळून असे.

भातशेती एकत्र कसली जात नसे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. जमीन गावाची, पण तिचे तुकडे लिलावाने ठराविक मुदतीपुरते, पुढील काळात सामान्यतः तीन वर्षांसाठी, कसणाऱ्यास दिले जात. लिलावाच्या बोलीतून गावाचे उत्पन्न उभे राही. याखेरीज पडीक जमिनी माडांच्या व भाजीपाल्याच्या बागांसाठी लावून देण्याचा अधिकारही गांवकारांना होता. म्हणून गांवकरी म्हणजे सामुदायिक नांगरट नव्हे. जमीन, पाणी, बांध व शिल्लक सामाईक, आणि पेरणी-कापणी मात्र कुटुंबाची, अशी ती मिश्र व्यवस्था होती.

खानदेश व नाशिककडील फड पद्धतीशी तुलना केल्यास हा विशेष अधिक उठून दिसतो. पांझरा, मोसम आदी नद्यांवरील बंधाऱ्यांखाली शेतजमीन ज्याची त्याची असते. परंतु बंधाऱ्याची व पाटांची निगा, फडात घ्यावयाचे पीक व पाण्याची पाळी या गोष्टी सर्वांनी मिळून ठरवावयाच्या असतात. तेथे पाणी सामाईक आहे. गोव्यात पाणी थोपविणे सामाईक होते आणि थोपविण्यातून निर्माण झालेली जमीनही सामाईक होती. त्यामुळे शिलकेचा प्रश्न गोव्यात अधिक तीव्रतेने पुढे येतो.

३. शिलकेचे स्थान

गावाच्या उत्पन्नावर अनेकांचे दावे असत आणि त्यांचा क्रम ठरलेला असे. प्रथम सरकारी सारा. त्यानंतर बांध, मानस व पाटांची दुरुस्ती. पुढे देवस्थानाचा खर्च आणि गावाची सेवा करणाऱ्यांचे वेतन. सुतार, न्हावी, परीट, कुंभार यांसारख्यांना अनेकदा रोकड न देता जमिनीचे उत्पन्न नेमून दिलेले असे. हे सर्व भागल्यानंतर जे उरे त्यातून गांवकारांना मिळणाऱ्या वाट्यास ‘झोण’ म्हणत. झोण मिळण्याचे वय व वाटणीची रीत गावोगाव भिन्न होती. तत्त्व मात्र एकच होते. झोण हा पहिला हक्क नव्हे, तर शेवटचा होता. उत्पन्न खर्चास अपुरे पडल्यास तूट भरून काढण्याचा भारही भागीदारांवरच येई. ज्याला शिलकेत वाटा, त्याच्यावर तुटीचाही भार, हे या संस्थेचे मूळ सूत्र होय.

हे सूत्र केवळ हिशेबाच्या वहीत राहिले नव्हते. बांध सांभाळण्यासाठी कसणाऱ्यांचे संघ असत. त्यांना ‘भौंस’ ही संज्ञा होती. भरतीच्या वेळी मानसावर लक्ष ठेवणे, उंदीर-खेकड्यांनी पाडलेली बिळे बुजविणे, पावसाळ्यापूर्वी बांधावर चिखल चढविणे ही कामे ते राखणदारांकरवी करून घेत, आणि भगदाड पडल्यास सर्वांना धावून जावे लागे. लहान बीळ वेळीच बुजविले तर दोन माणसांचे अर्ध्या दिवसाचे काम. न बुजविले तर संपूर्ण शिवाराचे नुकसान. अशा स्थितीत रोजच्या क्षुल्लक देखरेखीचे मोल शिलकेच्या रूपानेच मोजता येत असे.

भाताच्या शिलकेखेरीज गावास अन्य शिलकाही होत्या. खेर जमिनीत सरदाचे भात कापून झाल्यावर अळसांदे, मिरची, वांगी, कांदे अशी पिके निघत. आगशी व ताळगाव यांची वांगी आजही बाजारात गावाच्या नावाने ओळखली जातात. मानसाच्या तोंडाशी जाळे लावून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मासळी व कोळंबी धरण्याचा हक्क लिलावाने दिला जाई, आणि ती रक्कमही सामाईक उत्पन्नात जमा होई. या शेवटच्या शिलकेचा उल्लेख विशेष हेतूने केला आहे. तिच्याकडे पुढे वळावयाचे आहे.

कापणीच्या क्रमालाही सामाजिक नियमन होते. भाताची पहिली कापणी करण्याचा मान ताळगावच्या गांवकारांचा असल्याचे १५२६ च्या सनदेत नोंदलेले आहे. दरवर्षी त्यांनी भाताची पेंडी गोव्यातील मुख्य चर्चच्या वेदीवर आणावी आणि सरकारी खर्चाने त्यांच्या खांद्यावर पासोड्या घालाव्यात, अशी ती रीत होती. ताळगावात नव्या कणसांचा उत्सव ऑगस्ट महिन्यात आजही साजरा होतो. राज्यकर्ता व धर्म बदलला तरी कापणीचा आरंभ ही एकेका शेतकऱ्याची खाजगी गोष्ट नव्हे, हा संकेत मात्र कायम राहिला.

४. वाट्याबाहेरचे लोक

येथवरच्या वर्णनावरून गांवकरी म्हणजे समतेचे राज्य होते असा ग्रह होण्याचा संभव आहे. तो अयथार्थ ठरेल. गांवकारपद पुरुषवंशाने चाले. स्त्रियांना सभेत स्थान नव्हते. प्रत्यक्ष चिखलात उतरणारे अनेक कुणबी, गावडे व अन्य मजूर गांवकार नसल्याने त्यांना झोण मिळत नसे. गावसेवकांचे वेतन ठरलेले असले तरी सभेतील मत ठरलेले नव्हते. म्हणजे ज्यांच्या श्रमावर बांध उभा होता त्यांतील पुष्कळांना बांधामागच्या शिलकेत वाटा नव्हता.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४७ साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या आणि पुढे १९६२ च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात समाविष्ट झालेल्या निबंधात जुन्या काबिजातींतील ग्रामसंस्थेचा विचार भूरचना, वसाहत व उत्पादनसंबंध यांच्या आधारे केला आहे. स्वतः गोमंतकीय असूनही त्यांनी या संस्थेला स्मरणरंजनाचा विषय होऊ दिले नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. तत्पूर्वी १९०० साली बेडन-पॉवेल यांनी सोळाव्या शतकातील गोव्याच्या गावांचा परामर्श घेतला होता. अलीकडे, १९९८ साली, अ‍ॅक्सेलरॉड व फ्यूर्श या अभ्यासकांनी गोव्याच्या ग्रामसंस्थेचे प्रचलित चित्र घडविण्यात पोर्तुगीज राजवटीचा किती हात होता याची चर्चा केली. फोराल ही सारावसुलीसाठी लिहिलेली सनद होती. तिच्यात जे स्थिर व सर्वमान्य म्हणून दिसते ते काही अंशी लिहिणाऱ्याच्या गरजेतून स्थिर झालेले असणे शक्य आहे. ही मर्यादा मान्य करूनही एक गोष्ट उरते. बांध हा सनदेने निर्माण केलेला नव्हता, आणि तो राखावयास माणसे लागत होती.

५. वाटा आणि राखण यांचा विच्छेद

गांवकरीचा पुढील इतिहास शिलकेचा हक्क व राखणीचे कर्तव्य हळूहळू एकमेकांपासून दूर जाण्याचा इतिहास आहे. हा विच्छेद एका आघाताने झाला नाही.

पहिला आघात देवस्थानांच्या मार्गाने आला. १५४१ साली तिसवाडीतील देवळे नष्ट झाल्यावर त्यांच्या जमिनींचे उत्पन्न चर्च व धर्मसंस्थांकडे वळविण्यात आले. बारदेश व सासष्टी १५४३ साली पोर्तुगीजांकडे गेल्यावर तेथेही कालांतराने हाच क्रम चालला. धर्मांतर न केलेल्या गांवकारांच्या अधिकारांवर मर्यादा आल्या आणि अनेक कुळे मूर्ती घेऊन खाडीपलीकडे गेली. कुशस्थळीचा मंगेश व केळशीची शांतादुर्गा फोंडा महालात आली, हे सर्वश्रुत आहे. देव नेता आला. बांध नेता आला नाही. गाव सोडलेल्याचा जमिनीशी असलेला रोजचा संबंध येथे प्रथम तुटला.

दुसरा बदल आर्थिक होता. गावाच्या उत्पन्नातील काही वाटे हस्तांतरणीय बनले. ते विकत घेणाऱ्या बाहेरच्या भागीदारांस ‘खुंटकार’ म्हणत. शिलकेत वाटा आहे, परंतु बांधाशी वा सभेच्या परंपरेशी संबंध असेलच असे नाही, असा वर्ग यातून उदयास आला. एकोणिसाव्या शतकात गांवकऱ्यांचे काय करावे हा सार्वजनिक वादाचा विषय झाला होता. फिलिप नेरी शाव्हियेर यांनी १८५२ साली या संस्थांचा ऐतिहासिक आराखडा प्रसिद्ध केला, आणि कुन्य रिव्हारा यांनी १८७० साली त्यांच्या बाजूने प्रबंध लिहिला. संस्था टिकली, पण तिच्यावरील सरकारी देखरेख वाढत गेली. १९०४, १९३३ व १९६१ च्या संहितांनी अंदाजपत्रक, हिशेब व लिलाव यांचे नियम बारकाईने बांधून दिले आणि सरकारनियुक्त प्रशासकास मोठे अधिकार दिले. भ्रष्टाचारास त्यामुळे काही आळा बसला असेल, परंतु नेम घालण्याची जबाबदारीही सभेकडून कचेरीकडे सरकली.

तिसरा व निर्णायक बदल गोवा मुक्त झाल्यानंतरचा. १९ डिसेंबर १९६१ नंतर जमीनसुधारणेचा प्रश्न ऐरणीवर आला, आणि येथवर आलेल्या विवेचनावरून तो न्याय्य होता हे उघड आहे. शिलकेबाहेर राहिलेल्या कसणाऱ्यास संरक्षण हवेच होते. १९६४ च्या कृषी कूळ कायद्याने कुळास स्थैर्य दिले व खंडावर मर्यादा घातली. ठराविक मुदतीचा लिलाव अर्थातच बंद पडला. १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कुळास मालकीचा मार्ग खुला केला, आणि त्या वर्षीची २० एप्रिल ही ‘कसणाऱ्याचा दिवस’ ठरली.

तथापि जमीन कुळाकडे गेल्यावर बांध कोणाचा, हा प्रश्न तेवढाच निकडीचा होता. कायदेकर्त्यांना त्याची जाणीव नव्हती असे म्हणता येत नाही. कुळांच्या संयुक्त जबाबदारीच्या पालनासंबंधीचे नियम १९७५ साली करण्यात आले, त्यांच्या शीर्षकातच ‘संयुक्त जबाबदारी’ हे शब्द आहेत. खाजनातील कुळांचे संघ स्थापून बांध व मानस यांची देखभाल त्यांच्याकडे सोपविण्यात आली. भौंसाचे हे कायदेशीर पुनरुज्जीवनच होते. परंतु जुन्या भौंसामागे शिलकेचा जो क्रम उभा होता तो आता नव्हता. भाताचे उत्पन्न प्रत्येकाच्या घरी जाऊ लागले. सामाईक म्हणून जी शिल्लक उरली ती मुख्यतः मानसावरील मासळीच्या लिलावाची.

आणि येथेच मूळ संबंध उलटा झाला. भातशेती तोट्याची होत गेली व कोळंबीस भाव आला, तेव्हा मानस घेणाऱ्याचे हित दारे मिटण्यात न राहता ती उघडी ठेवण्यात निर्माण झाले. अधिक खारे पाणी आत घेतले तर मासळी अधिक मिळते. त्याच पाण्याने भातजमीन खारावते. काही ठिकाणी बांध मुद्दाम फोडल्याच्या तक्रारीही झाल्या आहेत. जी शिल्लक पूर्वी बांधाच्या दुरुस्तीला हातभार लावी तीच बांधाच्या नाशास कारण होऊ लागली. दुसरीकडे कोमुनिदादींजवळ लागवडीखाली नसलेल्या जमिनी उरल्या आणि त्यांचे कामकाज बहुतांशी घरांसाठी भूखंड देण्याभोवती फिरू लागले. झोण अद्याप वाटले जाते. मात्र त्याचा भाताच्या कणसाशी असलेला संबंध पुष्कळसा नाममात्र झाला आहे.

६. निष्कर्ष

या इतिहासावरून सामाईक शेतीविषयी एक मर्यादित पण निश्चित अनुमान काढता येते. शिल्लक किती आहे यापेक्षा ती हिशेबात कोठे बसते यावर संस्थेचे आयुष्य अवलंबून असते. गांवकरीत शिल्लक शेवटी येत असे. तिच्या आधी बांध होता, आणि तुटीच्या वर्षी तिच्या जागी भार येत असे. म्हणूनच वाटा घेणाऱ्यास बांधाकडे पाहणे भाग होते. वाटा विकला जाऊ लागला, मग तो कचेरीतून मिळू लागला, आणि अखेरीस राखणाऱ्यांचे हितच परस्परविरोधी झाले, तेव्हा कोणाच्याही दुष्टाव्याची गरज न पडता बांध खचू लागला.

याचा अर्थ जुनी गांवकरी पुन्हा उभी करावी असा होत नाही. तिच्या शिलकेचा पाया अनेकांना वगळण्यावर रचलेला होता, आणि कूळ कायद्याने तो अन्याय दूर करण्याचा प्रयत्न केला, हे तिचे कोणतेही गुणवर्णन पुसून टाकू शकत नाही. परंतु सुधारणेने वाट्याचा प्रश्न सोडविला तेव्हा राखणीचा प्रश्न त्याच वाक्यात न घेता निराळ्या नियमावलीत घेतला. या दोहोंमधील अंतरातून खारे पाणी आत आले. गोव्याच्या खाजनांचा पुढील अभ्यास करताना जमिनीची मालकी व सभेची घटना यांच्या जोडीस एकेका गावाच्या बांधखर्चाच्या वह्या तपासणे अधिक फलदायी ठरेल. कोणत्या वर्षी बांधावर किती खर्च झाला आणि त्या वर्षी किती झोण वाटले गेले, या दोन आकड्यांच्या शेजारी शेजारी ठेवण्यातच त्या गावाचा खरा इतिहास सापडण्याचा संभव आहे.